भातशेतीचीं दोन खतें: एक ऐतिहासिक विवेचन

ह्या स्मरणिकेच्या इतर पानांवर आमच्या देवळाच्या इमारतीचा, येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचा, शाळेचा व निरनिराळ्या संघांचा इतिहास वाचकांस मिळेलच. आम्हीं मात्र लिहिण्यासाठीं विषय निवडला आहे तो खताचा, आणि तोहि भाताच्या खताचा. ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं शेणाखताच्या गोष्टी कशाला, असें कोणास वाटणें साहजिक आहे. त्यांस आमचें उत्तर असें कीं, ज्युबिली ही मुळांत जमिनीशीं निगडित असलेली संस्था आहे. जुन्या करारांतील लेवीय ह्या ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायांत परमेश्वरानें मोशेच्या द्वारें इस्राएल लोकांस आज्ञा दिली कीं, दर सातव्या वर्षीं जमिनीस विसांवा द्यावा. आणि सात वेळां सात वर्षें लोटल्यावर पन्नासावें वर्ष शिंग फुंकून ज्युबिलीचें म्हणून जाहीर करावें. त्या वर्षीं पेरणी करूं नये व विकली गेलेली जमीन मूळ कुळास परत जावी. जमिनीचा खरा धनी परमेश्वर असून आम्ही तिच्यावर उपऱ्यांसारखे राहतों, हें त्या आज्ञेचें मर्म होय. तेव्हां ज्युबिली साजरी करणाऱ्या धर्मग्रामानें आपल्या मातीचा हिशेब पाहावा, हें आम्हांस सर्वथा उचित वाटतें.

दुसरेंहि एक कारण आहे. वसईपासून साष्टीपर्यंतच्या आमच्या लोकांत ऑक्टोबर महिन्यांत आगेऱ्याचा सण पाळण्याची रीत आहे. शेत ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हें नांव पडलें असें मानतात. नव्या भाताच्या लोंब्या देवळांत आणाव्या, त्यांवर आशीर्वाद घ्यावा आणि मग नवें खावें. ज्या धर्मग्रामांतील शेतें इमारतींखालीं गेलीं, तेथें ह्या लोंब्या आतां बाहेरून आणाव्या लागतात. आमच्याकडे जीं थोडीं खाचरें उरलीं आहेत तीं राखावीं कीं ओसाड टाकावीं, ह्याविषयीं दर पावसाळ्यापूर्वीं घरोघर बोलणें निघतें, आणि त्या वादांत खताचा मुद्दा अग्रभागीं असतो. वडील मंडळी म्हणतात, शेणखत गेलें आणि जमिनीचा कस गेला. तरुण म्हणतात, गुरेंच नाहींत तर शेण कोठून आणावें. युरियावांचून शेती परवडत नाहीं. दोन्ही पक्षांचें म्हणणें नीट तोलतां यावें, एवढ्यासाठीं हा इतिहास आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

राबाचा काळ

आमच्या पणजोबांच्या काळीं उत्तर कोकणांत भाताचें खत म्हणजे मुख्यत्वेंकरून राब. उन्हाळ्यांत रोपाच्या जागेवर शेण पसरावें, त्यावर झाडांचा टहाळ, पालापाचोळा व गवत ह्यांचे थर द्यावे, वरून बारीक माती टाकावी आणि वाऱ्याच्या उलट बाजूनें विस्तव लावून सर्व सावकाश जळूं द्यावें. पहिल्या पावसाबरोबर त्या राखेंत बीं पेरावें, आणि रोप योग्य वाढलें म्हणजे तें उपटून चिखलणी केलेल्या खाचरांत त्याची आवणी करावी. कोकणाच्या कांहीं भागांत ही रीत आजहि चालू आहे.

आजच्या रसायनशास्त्राच्या कसोटीस ही रीत लावली तर तिचे गुण व दोष दोन्ही दिसतात. विस्तवानें तणाचें बीं मरतें, माती भुसभुशीत होते, राखेंतून पालाश व थोडें स्फुरद रोपास मिळतें. परंतु पिकाची हिरवी वाढ ज्यावर अवलंबून असते तें नत्र शेण जाळल्यामुळें बहुतेक धुरावाटे निघून जातें. म्हणजे रोपाची जागा निर्मळ करण्यासाठीं शेतकरी आपलें सर्वांत मोलाचें द्रव्य जाळीत असे. तें त्यास परवडे, कारण रान जवळ होतें.

पुढें तें रानच दुरावलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारी जंगलखात्याचा अंमल वाढला व टहाळ तोडण्यावर निर्बंध आले. रयतेची ओरड इतकी झाली कीं, मुंबई सरकारास १८८५ सालीं जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि राबासाठीं रयतेस टहाळ मिळावा कीं नाहीं हा त्या चौकशींतील एक मोठा विषय होता. जुन्या शेतीसंबंधीं एक गोष्ट ह्यावरून ध्यानांत येते. ती शेती आपल्यापुरती स्वयंपूर्ण होती असें आपण पुष्कळदां बोलतों. पण खाचरास जें मिळे तें बाहेरूनच येई. टहाळ रानाचा, शेण रानांत व माळावर चरलेल्या गुरांचें, बागायतीस लागणारें मासळीचें खत समुद्राचें. रान आणि कुरण आटलें, त्याबरोबर खतहि आटलें. युरियाची पहिली गोणी गांवांत येण्याच्या कितीतरी आधीं ही तूट सुरू झाली होती.

१८८९ सालीं डॉ. जॉन वोल्कर नांवाचे इंग्रज रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यासाठीं आले. त्यांचा अहवाल १८९३ सालीं छापला गेला. येथील शेतकरी अडाणी आहे हें मत त्यांनीं मान्य केलें नाहीं. उलट तो पुष्कळ बाबतींत सामान्य इंग्रज शेतकऱ्याच्या तोडीचा व कांहीं बाबतींत वरचढ आहे, असा त्यांचा अभिप्राय पडला. सरपणाच्या अभावीं शेण चुलींत जातें व शेत उपाशी राहतें, ह्यावर त्यांनीं विशेष भर दिला आणि सरपणासाठीं गांवोगांव झाडें राखावीं अशी शिफारस केली. शेणखताचा प्रश्न हा सरपणाचा व कुरणाचाहि प्रश्न आहे, हें त्यांनीं सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वीं ओळखलें होतें.

इतकें कमी खत मिळूनहि भात शतकानुशतकें पिकत राहिलें, ह्याचें एक कारण पुढें उघड झालें. पी. के. डे ह्या शास्त्रज्ञानें १९३९ सालीं दाखवून दिलें कीं, खाचराच्या पाण्यांत वाढणारें निळें-हिरवें शेवाळ हवेंतील नत्र धरून मातीस देतें. ज्या शेवाळास आपण निरुपयोगी म्हणून हिणवतों, तें खताचें काम मुकाट्यानें करीत होतें. मात्र त्या देणगीस मर्यादा आहे. तिच्यावर थोडें पीक दरसाल येतें. वाढत्या लोकसंख्येचें पोट भरत नाहीं.

रसायनाचा उदय

युरोपांत १८४० सालीं युस्टुस फोन लीबिग ह्या जर्मन पंडितानें शेतीच्या रसायनशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. वनस्पति मातींतील कुजलेला अंश जसाच्या तसा खात नाहींत, त्यांचें अन्न खनिज क्षारांच्या रूपानें त्यांना मिळतें, हा त्यांतील सिद्धांत. १८४२ सालीं इंग्लंडांत जॉन लॉज ह्यांनीं सुपरफॉस्फेट तयार करण्याचा हक्क नोंदविला, आणि पुढच्याच सालीं रॉथमस्टेड येथील आपल्या शेतांत गव्हाचा एक प्रयोग मांडला. तो प्रयोग आजतागायत चालू आहे. त्यांत एका पट्टयास दरसाल हेक्टरीं ३५ टन शेणखत, दुसऱ्यास रासायनिक क्षार, तिसऱ्यास कांहींच नाहीं. शंभराहून अधिक वर्षें शेणखताच्या व पुरेशा रासायनिक खताच्या पट्ट्यांचें उत्पन्न जवळजवळ सारखें राहिलें. परंतु शेणखताच्या मातींतील सेंद्रिय कर्ब दुसरीच्या दुपटीहून अधिक झाला. पिकास खाऊं घालणें व मातीस खाऊं घालणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत, हें ह्या एका प्रयोगावरून जितकें स्पष्ट होतें तितकें शेंकडों व्याख्यानांनींहि होणार नाहीं.

नत्र मात्र दुर्मिळच होतें. तें पेरूच्या बेटांवरील पक्ष्यांच्या विष्ठेंतून आणि चिलीच्या वाळवंटांतील सोऱ्यांतून जहाजें भरभरून येई. अखेर १९०९ सालीं फ्रिट्स हाबर ह्यांनीं हवेंतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखविला, व कार्ल बॉश ह्यांच्या खटपटीनें १९१३ सालीं जर्मनींत ओपाउ येथें त्याचा कारखाना सुरू झाला. वर्षभरांत महायुद्ध पेटलें, आणि शेतासाठीं काढलेलें नत्र तोफांच्या दारूंत जाऊं लागलें. स्वतः हाबर ह्यांनीं १९१५ सालीं रणांगणावर विषारी वायु सोडण्याच्या कामाचें पुढारपण केलें. १९२१ सालीं ओपाउ येथील खताच्या साठ्याचा स्फोट होऊन पांचशेंहून अधिक माणसें मेलीं. परमेश्वरानें दिलेली बुद्धि एकाच द्रव्यापासून भाकरी व मरण दोन्ही निर्माण करूं शकते, ह्याचें ह्याहून ढळढळीत उदाहरण आधुनिक इतिहासांत क्वचितच सांपडेल. ह्यांत द्रव्याकडे दोष नाहीं; तें कोणत्या हेतूनें व किती वापरावें हें माणसाच्या विवेकावर सोंपविलेलें आहे.

हिंदुस्थानांत १९०६ सालीं मद्रास इलाख्यांत राणीपेट येथें सुपरफॉस्फेटचा कारखाना निघाला होता. पण तेव्हां रासायनिक खत मुख्यत्वें चहा-कॉफीच्या मळ्यांतच जाई. बंगालच्या १९४३ सालच्या दुष्काळानें सरकारचे डोळे उघडले. त्या दुष्काळांत लाखों माणसें अन्नावांचून व रोगानें मेलीं, आणि तीं बहुतेक भात खाणारीं व भात पिकविणारींच होतीं. धान्याच्या धोरणाचा विचार करणाऱ्या समितीनें त्याच सालीं देशांत नत्रखत तयार करण्याची शिफारस केली. १९४७ सालीं केरळांत आलवाये येथें व १९५१ सालीं बिहारांत सिंद्री येथें अमोनियम सल्फेटचें उत्पादन सुरू झालें. १९६५ च्या सुमारास आमच्या साष्टींतील तुर्भें येथें, म्हणजे आपण ज्यास ट्रॉम्बे म्हणतों तेथें, मोठा कारखाना उभा राहिला. सुफला हें नांव आज कोकणांतील कोणत्या शेतकऱ्यास ठाऊक नाहीं?

परंतु खत आलें म्हणून पीक वाढलें असें लगेच घडलें नाहीं. आमच्या जुन्या भाताच्या जाती उंच, लवचिक व सुगंधी. त्यांस नत्र जास्त दिलें कीं त्या माजत आणि लोंबी भरण्यापूर्वींच आडव्या पडत. फिलिपाइन्स देशांतील आंतरराष्ट्रीय भातसंशोधन संस्थेनें १९६६ सालीं आय. आर. ८ ही बुटकी जात दिली, आणि १९६८ सालीं आपल्या देशांत जया ही जात प्रसारित झाली; तेव्हां कोठें खत पचविणारें भात शेतांत आलें. १९५०-५१ सालीं भारतांत सुमारें २ कोटि ६ लाख टन तांदूळ पिकला होता. २०२२-२३ सालीं तो १३ कोटि ५० लाख टनांहून अधिक झाला, आणि भाताखालील क्षेत्र तेवढ्या काळांत दीडपटच वाढलें. ह्यांत बियाण्याचा, पाटबंधाऱ्यांचा व खताचा, तिघांचा वांटा आहे. सेंद्रिय शेतीचा कैवार घेणाऱ्यांनीं हे आंकडे विसरूं नयेत. उपाशी माणसास अन्न देणें हें दयेचें पहिलें कृत्य आहे असें आपण प्रश्नोत्तरींत शिकलों. आणि त्या कृत्यांत ह्या पांढऱ्या दाण्यांचा वांटा नाकारणें अन्यायाचें होईल.

पाण्याखालची माती

आतां भाताची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे, कारण गहूं किंवा ऊंस ह्यांचा अनुभव भातास जसाच्या तसा लागूं पडत नाहीं. खाचरांत पाणी साचलें म्हणजे मातींतील प्राणवायु थोड्याच दिवसांत संपतो. अशा मातींत नायट्रेटच्या रूपांतलें नत्र टिकत नाहीं. त्याचा वायु होऊन तें हवेंत जातें. म्हणूनच भातास अमोनियाच्या रूपांतलें नत्र मानवतें. युरिया पाण्यावर भिरकावला तर त्याचाहि अमोनिया होऊन मोठा भाग हवेंत उडतो, आणि कांहीं पावसाच्या लोंढ्याबरोबर बांधावरून खाडीला जातो. सामान्यतः अशा रीतीनें टाकलेल्या नत्रापैकीं निम्मेंहि पिकाच्या पदरीं पडत नाहीं. आमच्याकडे एकेका दिवसांत इतका पाऊस पडतो कीं, सकाळीं फोकलेला युरिया संध्याकाळीं कोठें असेल तें सांगावयास नको. ज्याच्यासाठीं शेतकरी उसने पैसे काढतो, तें खत खाडींतील गवतास पोंचतें!

केवळ नत्र घालण्याचा आणखी एक तोटा. १९६६ सालीं डॉ. वाय. एल. नेने ह्यांनीं हिमालयाच्या पायथ्याशीं तराईंतील भाताच्या खैरा नांवाच्या रोगाचें कारण शोधून काढलें: तें जस्ताची उणीव हें होतें. शेणखत जातें तेव्हां नत्राबरोबर अशीं अल्प प्रमाणांत लागणारीं द्रव्येंहि जातात, आणि तीं कोणत्याहि युरियाच्या गोणींत नसतात. १९७० सालीं भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें देशांतील निरनिराळ्या मातींत दीर्घ मुदतीचे प्रयोग सुरू केले. त्यांचा निष्कर्ष थोडक्यांत असा: केवळ नत्र दिलेल्या जमिनीचें उत्पन्न कालांतरानें घसरतें; नत्र, स्फुरद व पालाश तिन्ही योग्य प्रमाणांत दिल्यास बरेंच टिकतें; आणि ह्या तिहींबरोबर शेणखत दिल्यास सर्वांत चांगलें टिकतें. असें असतां १९९२ सालीं सरकारनें स्फुरद व पालाश ह्यांच्या किंमती मोकळ्या सोडल्या व युरिया मात्र स्वस्त ठेवला. शेतकऱ्यानें जें स्वस्त तें अधिक टाकलें, ह्यांत त्याचा काय अपराध? २०१५ पासून देशांतील युरियास निंबोळीच्या तेलाचा लेप देणें सक्तीचें झालें, तें नत्र सावकाश सुटावें म्हणून. परंतु तोल पुरतेपणीं सांवरलेला नाहीं.

दुसऱ्या पक्षाचा इतिहास

सेंद्रिय खताचा आधुनिक विचार पुष्कळांस परदेशी वाटतो. वस्तुतः त्याची एक मोठी शाळा इंदूर येथें भरली. सर आल्बर्ट हॉवर्ड ह्यांनीं १९२४ ते १९३१ ह्या काळांत तेथील संस्थेंत, यशवंत वाड ह्या आपल्या सहकाऱ्याबरोबर, शेतांतील काडीकचरा, शेण, गुरांच्या मुताची माती व राख ह्यांचे थर देऊन, ठराविक वेळीं ते उलथून, सुमारें तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची पद्धत बसविली. १९३१ सालीं दोघांच्या नांवानें त्यावरील पुस्तक निघालें. चीन व जपान येथील भातकरी चाळीस शतकें एकाच जमिनींत कशी शेती करीत आले, ह्याचें एफ. एच. किंग ह्या अमेरिकन पंडितानें १९११ सालीं केलेलें वर्णन हॉवर्ड ह्यांना स्फूर्तिदायक झालें होतें. राबांत जें जळून जाई, तें इंदूरच्या पद्धतींत कुजून मातीस मिळूं लागलें. आमच्या राबाच्या प्रश्नास हें एक चोख उत्तर होतें.

मात्र हिशेब करून पाहिला पाहिजे. एक एकर सुधारलेल्या भातास ४० किलो नत्र द्यावयाचें म्हटलें, तर युरियांत ४६ टक्के नत्र असल्यामुळें ४५ किलोच्या दोन गोणी पुरतात. चांगल्या शेणखतांत नत्र अर्धा टक्का धरला तर तेवढ्यासाठीं ८ टन खत पाहिजे. आणि त्यांतील सर्व नत्र पहिल्याच वर्षीं पिकास मिळत नाहीं, तें वेगळेंच. एका बैलगाडींत अर्धा टन धरला तरी सोळा गाड्या झाल्या. हें खत पूर्वीं कोणीं वाहिलें? बहुधा आमच्या आयांनीं व आज्यांनीं, पाट्या डोक्यावर घेऊन, वैशाखाच्या उन्हांत. जुन्या शेतीची थोरवी गातांना ह्या कष्टांचा विसर पडतां कामा नये.

घाईनें केलेल्या परिवर्तनाचें फळ श्रीलंकेनें चाखलें. २०२१ च्या उन्हाळ्यांत तेथील सरकारनें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद केली. भाताचें उत्पन्न मोठ्या प्रमाणांत घटलें, तांदूळ परदेशाहून आणावा लागला, आणि त्याच सालच्या नोव्हेंबरांत सरकारास माघार घ्यावी लागली. मातीस वर्षानुवर्षांची जी संवय लागली ती एका हुकुमानें सुटत नाहीं. शिवाय सेंद्रिय म्हणजे सर्वथा निरुपद्रवी, असेंहि नाहीं. ताजा पेंढा किंवा कच्चें शेण साचलेल्या पाण्यांत कुजलें म्हणजे मिथेन वायु निघतो व तो पृथ्वीचें तापमान वाढवितो. आणि कोरडा पेंढा कुजतांना मातींतील नत्रहि कांहीं काळ अडवून धरतो. खत पुरतें कुजलेलें असावें, ह्या वडिलांच्या सांगण्यांत मोठें तथ्य होतें.

एका धर्मगुरूची साधना

ज्या येशूसंघाच्या फादर स्टीफन्स ह्यांनीं आमच्या भाषेंत ख्रिस्तपुराण रचलें, त्याच संघाचे फादर आन्री द लोलानिए हे फ्रेंच धर्मगुरु होत. संघांत येण्यापूर्वीं त्यांनीं शेतकीचें उच्च शिक्षण घेतलें होतें. १९६१ सालीं ते मादागास्कर बेटांत गेले व तेथील गरीब भातकऱ्यांत राहिले. १९८३ सालीं पावसाच्या अडचणीमुळें केवळ पंधरा दिवसांचें कोंवळें रोप, एकेक काडी करून, दूरदूर लावण्याची त्यांच्या विद्यार्थ्यांवर पाळी आली. रोप मरेल असें वाटलें होतें. त्यास भरघोस फुटवे आले. त्यावरून त्यांनीं एक पद्धत बसविली: कोंवळें रोप, एका चुडांत एकच काडी, मोकळें अंतर, सदैव तुंबलेल्या पाण्याऐवजीं आळीपाळीनें ओली व सुकी माती, आणि हातकोळप्यानें बेणणी. आरंभीं ते रासायनिक खतच वापरीत. पुढें त्या देशांत खताच्या किंमती गरिबांच्या आंवाक्याबाहेर गेल्या, तेव्हां त्यांनीं कुजलेल्या पाल्याचें खत वापरून पाहिलें आणि पीक तसेंच चांगलें आलें. १९९५ सालीं ते निवर्तले. त्यांची पद्धत आज आपल्या देशांत श्री पद्धत म्हणून ओळखली जाते.

ह्या पद्धतीच्या मोठमोठ्या आंकड्यांविषयीं शास्त्रज्ञांत पुष्कळ वाद झाला आहे, आणि कोकणच्या मुसळधार पावसांत खाचरांतील पाणी हवें तेव्हां काढणें सोपें नाहीं. आम्हांस त्यांच्या चरित्रांत आकर्षक वाटतें तें निराळें. त्यांनीं एका खताचा कैवार घेतला नाहीं. गरिबास काय परवडतें, त्याच्या हाताशीं काय आहे, आणि रोपाचें मूळ काय मागतें, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें व त्याप्रमाणें आपली रीत बदलली.

कोकणांतील मध्यम मार्ग

असाच विचार आमच्या कोकणांतहि झाला आहे. डॉ. नारायण सावंत ह्यांनीं चारसूत्री भातलागवड प्रचारांत आणली. तिचें पहिलें सूत्र: भाताचा अवशेष भातासच द्यावा. तुसाची राख रोपाच्या वाफ्यांत व पेंढ्याचा कांहीं भाग पहिल्या नांगरणीपूर्वीं शेतांत घालावा. पिकानें घेतलेल्या पालाशाचा बराच मोठा भाग पेंढ्यांतच असतो, आणि राखेंतील सिलिकेनें रोप काटक होतें. दुसरें सूत्र: बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीपूर्वीं शेतांत गाडावा. तिसरें: चुडांचें अंतर १५ व २५ सेंटिमीटर असें आळीपाळीनें ठेवून दोरीवर आवणी करावी. चौथें: युरिया व डी. ए. पी. ह्यांची दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी दर चार चुडांच्या मधोमध सात ते दहा सेंटिमीटर खोल खोंचावी. हेक्टरीं ६२,५०० गोळ्या, म्हणजे सुमारें १७० किलो खत होतें. चिखलांत खोल गेलेला अमोनिया मातीस धरून राहतो; तो हवेंत उडत नाहीं व लोंढ्याबरोबर वाहत नाहीं.

वाचकांच्या ध्यानांत आलें असेल कीं, ह्या चार सूत्रांत आमचा सगळा इतिहास एकत्र आला आहे. राबाची राख आहे, पण रान तोडून जाळलेली नव्हे. टहाळ आहे, पण तो आपल्याच बांधावरचा. कारखान्याचें नत्र आहे, पण मोजून व पुरून दिलेलें. सोळा गाड्या वाहण्याचें कष्ट नाहींत. गोळ्या खोंचण्यास मात्र हात लागतात, आणि तें काम वांकून करावें लागतें, हें आम्ही लपवीत नाहीं.

ज्युबिलीचा संकल्प

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, ह्या दीर्घ विवेचनाचें तात्पर्य आम्ही थोडक्यांत सांगतों. शेणखत हें पुण्य व युरिया हें पाप, किंवा शेणखत हें अडाणीपण व युरिया ही प्रगति, हीं दोन्ही मतें इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहींत. जुन्या काळीं आम्हीं रानास न विचारतां घेतलें. नव्या काळीं मातीस न विचारतां दिलें. दोन्ही वेळां हिशेब चुकला तो एकाच ठिकाणीं: घेतलेलें परत करण्याच्या बाबतींत. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालच्या आपल्या लाउदातो सी ह्या परिपत्रकांत खतांच्या व विषांच्या अमर्याद वापरानें होणाऱ्या दूषणाचा उल्लेख केला, आणि त्याच परिपत्रकांत गरिबांच्या आक्रोशाकडे दुर्लक्ष करूं नये असेंहि बजावलें. हीं दोन्ही कर्तव्यें एकत्रच पाळावयाचीं आहेत.

म्हणून ह्या ज्युबिलीच्या निमित्तानें आमची तीन मागणीं आहेत. ज्यांच्याकडे खाचर आहे त्यांनीं पुढील पावसाळ्यापूर्वीं आपल्या मातीची परीक्षा करवून आरोग्यपत्रिका घ्यावी, म्हणजे शेजाऱ्यानें टाकलें म्हणून आपणहि टाकलें असें होणार नाहीं. पेंढा जाळूं नये. आणि प्रत्येक बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवाव्या. त्या पहिल्या पावसांत सहज जगतात व त्यांस पैसा पडत नाहीं. ज्यांच्याकडे आतां शेत उरलें नाहीं, त्यांनीं आवणीच्या एका दिवशीं शेजाऱ्याच्या शेतांत उतरावें. मनुष्यबळाअभावींच पुष्कळ खाचरें ओसाड पडत आहेत, आणि ओसाड पडलेलें खाचर फार दिवस खाचर राहत नाहीं, हें आपण सर्व जाणतों.

संत लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायांतील निष्फळ अंजिराचा दाखला आपण अनेकदां ऐकला आहे. मालक तें झाड तोडावयास सांगतो. माळी एक वर्षाची मुदत मागतो, आणि ती कशासाठीं, तर झाडाभोंवतीं खणून खत घालण्यासाठीं. प्रभूनें आपल्या धीराचें चित्र रेखाटण्यासाठीं खत घालणाऱ्या माणसाची निवड केली, ही गोष्ट आमच्या शेतकरी बांधवांनीं अभिमानानें मनांत बाळगावी. आमच्या उरल्यासुरल्या भातशेतांसाठींहि अशीच कांहीं वर्षांची मुदत आपल्या हातीं आहे. शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत इसिदोर ह्याच्या मध्यस्थीनें परमेश्वर आमच्या मातीस कस, पावसास वेळ व आमच्या हातांस बळ देवो, आणि पुढील ज्युबिलीच्या आगेऱ्यास ह्या देवळांत येणाऱ्या लोंब्या ह्याच गांवच्या असोत, हीच आमची प्रार्थना.